शोधनिबंधांची दुकानदारी आणि मराठीचे नुकसान

पहिल्या पावसानंतर माळावर अळंबी उगवावी तशी निमंत्रणे सध्या प्राध्यापक मंडळींच्या मोबाइलवर उगवू लागली आहेत. आपल्या विद्वत्तेने आम्ही भारावून गेलो आहोत, आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या येत्या अंकासाठी आपला बहुमोल शोधनिबंध आठ दिवसांत पाठवावा, असा त्यांचा थाट असतो. शेवटी बारीक अक्षरात शुल्क दिलेले असते, आणि कधी तेही दिलेले नसते. दुसरा प्रकार याहून गोड. त्यात आपल्याला लेखक म्हणून नव्हे, तर संपादक मंडळाचे सदस्य म्हणून बोलावलेले असते. नाव, छायाचित्र आणि पदव्यांची यादी पाठवली की झाले. प्रमाणपत्र घरपोच.

आम्ही माध्यमिक शाळेतले मास्तर. शिक्षणशास्त्राची पदवी आणि तीस वर्षांचा खडू, एवढीच आमची शिदोरी. शोधनिबंध म्हणून आम्ही आजवर एक ओळही छापलेली नाही. तरीसुद्धा गेल्या वर्षी कृषी अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर येण्याचे आवतण आम्हांला आले, तेही नावामागे 'प्राध्यापक डॉक्टर' अशी बिरुदे लावून. नांगर आणि कुळव यांतला फरक आम्हांला समजतो, ही आमची त्या विषयातली पात्रता. आमच्या भाषा समितीच्या बैठकीत ते पत्र वाचून दाखवले तेव्हा हशा पिकला. पण बैठकीला आलेले महाविद्यालयातले दोघे प्राध्यापक मात्र हसले नाहीत. अशी पत्रे त्यांना आठवड्याला येतात, आणि त्यांतल्या काहींना पैसे भरून उत्तर देणारे सहकारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात.

शोधनियतकालिक ही काय वस्तू आहे, हे सर्वसामान्य वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. दैनिकात आलेला लेख संपादक वाचतो आणि छापतो किंवा केराच्या टोपलीत टाकतो. शोधनियतकालिकात संपादकाच्या नजरेखालून गेल्यावर तो लेख त्याच विषयात हयात घालवलेल्या दोघा-तिघा जाणकारांकडे जातो, बहुधा लेखकाचे नाव झाकून. ते पुरावे तपासतात, चुका काढतात, अमुक ग्रंथ पाहिलेला दिसत नाही म्हणून लेख परत धाडतात. याचा त्यांना छदामही मिळत नाही. यात महिने जातात, कधी वर्ष जाते. लेखकाला राग येतो, पण लेख सुधारतो. आपल्याकडे ही रीत नवी नाही. १९१० मध्ये राजवाडे-मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. त्याच्या सभांमध्ये निबंध वाचले जात आणि त्यांवर वाद झडत. मंडळाच्या त्रैमासिकाची जुनी पाने चाळली तर एकाच्या मतावर दुसऱ्याने घेतलेल्या हरकती जागोजागी सापडतात. संशोधन म्हणतात ते याला. सांगितलेली गोष्ट दुसऱ्या जाणत्याने तपासून पाहिलेली असते, म्हणून तिसरा तिच्यावर विसंबू शकतो.

पूर्वी याचा खर्च वर्गणीदार आणि ग्रंथालये सोसत. इंटरनेट आल्यावर, ज्ञान सर्वांना फुकट वाचायला मिळावे अशा चांगल्या हेतूने वेगळी पद्धत सुरू झाली, ती म्हणजे वाचकाकडून काही घ्यायचे नाही, खर्च लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने द्यायचा. जगातली अनेक प्रतिष्ठित नियतकालिके आज याच पद्धतीने चालतात, तेव्हा शुल्क घेतले म्हणजे लबाडी झाली असे समजू नये. परंतु जिथे लेख स्वीकारला तरच पैसे मिळणार, तिथे लेख नाकारणारा संपादक हा धंद्याला खोटच म्हणायचा. हे ज्यांच्या लवकर लक्षात आले त्यांनी परीक्षण काढून टाकले, शुल्क ठेवले आणि दुकान थाटले. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेत ग्रंथपाल असलेले जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना 'भक्षक' हे नाव दिले आणि त्यांची यादी करायला घेतली. २०१७ च्या जानेवारीत ती यादी इंटरनेटवरून उतरवली गेली. दुकाने चालू राहिली.

किती दुकाने, याचा एक हिशेब फिनलंडच्या दोघा अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे अशा नियतकालिकांत २०१० साली ५३ हजार लेख छापले गेले होते. २०१४ साली हा आकडा ४ लाख २० हजारांवर गेला आणि नियतकालिकांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. लेखकांतला फार मोठा वाटा आशिया आणि आफ्रिकेतला, आणि त्यातही भारत अग्रभागी. प्रकाशकांतही आपण मागे नाही. अभिमानाच्या यादीत घालण्याजोगा हा क्रमांक नव्हे.

आतमध्ये कोणी वाचते की नाही, हे पाहण्यासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीतून कर्करोगावर औषध सापडल्याचा एक बनावट शोधनिबंध त्याने तयार केला. विज्ञानाच्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात अशा चुका त्यात मुद्दाम पेरल्या, लेखक आणि संस्था कल्पनेतून उभ्या केल्या, आणि ३०४ नियतकालिकांकडे तो पाठवून दिला. 'सायन्स' या साप्ताहिकात २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा वृत्तांत आला तोवर १५७ जणांनी तो स्वीकारला होता आणि ९८ जणांनी नाकारला होता. खरा दोष दाखवणारे अभिप्राय अवघ्या ३६ ठिकाणांहून आले, आणि त्यांतल्याही १६ जणांनी दोष दाखवून लेख स्वीकारला! बोहॅननने ज्यांच्याकडे लेख धाडला त्यांत भारतातली नियतकालिके सर्वांत जास्त होती.

संपादकपदाच्या आवतणांची कसोटी पोलंडमधील मानसशास्त्रज्ञांनी लावली, ती आम्हांला अधिक मार्मिक वाटते. त्यांनी ॲना ओ. झुस्ट नावाची एक विदुषी कागदावर जन्माला घातली. पोलिश भाषेत 'ओझुस्ट' म्हणजे भामटा. नावातच सगळे सांगून टाकले होते. या बाईंच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता, संपादनाचा अनुभव नव्हता. २०१५ मध्ये त्यांच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज गेले. १२० नियतकालिके बीलच्या यादीतली, १२० मुक्त नियतकालिकांच्या मान्य सूचीतली, आणि १२० ज्यांना अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो अशी. २०१७ च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला. बीलच्या यादीतल्या ४० जणांनी बाईंना संपादक केले, मान्य सूचीतल्या ८ जणांनी केले, तिसऱ्या गटातल्या एकानेही केले नाही. चार ठिकाणी तर त्या थेट मुख्य संपादक झाल्या. काहींनी या मानाबद्दल पैसे मागितले. अशी कोणी व्यक्ती अस्तित्वातच नाही हे नंतर कळवल्यावरही अनेक ठिकाणी त्यांचे नाव मंडळात झळकत राहिले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपली. इथे तर सोनूबाईही नव्हती.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून सुटता येणार नाही. या व्यवहारातला जगातला सर्वांत गाजलेला खटला आपल्या शेजारच्या हैदराबादेतल्या कंपनीवर झाला. ओमिक्स या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ च्या ऑगस्टमध्ये नेवाडातील न्यायालयात दावा लावला. परीक्षण केल्याचा खोटा दावा करणे, शुल्काचा आकडा लेख स्वीकारेपर्यंत दडवणे, लेख मागे घेऊ न देणे, आणि विद्वानांची नावे त्यांना न विचारता संपादक म्हणून किंवा परिषदेचे वक्ते म्हणून छापणे, असे आरोप होते. कंपनीने ते नाकारले. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ५ कोटी १ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ३४० कोटी रुपयांच्या वर, भरण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला.

याच हैदराबादेत आपल्या मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' निघाले. परमुलखात राहून, वर्गणीदारांच्या दारी जाऊन, पदरमोड करून चालवलेले नियतकालिक. ज्यांना अशी नियतकालिके कशी निघतात हे ठाऊक आहे, त्यांना टपालहशील आणि कागदाचे बिल ही दोन भुते वेगळी सांगायला नकोत.

मग शिकली-सवरलेली माणसे या दुकानांत का जातात? नुसत्या हौसेने जातात असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांची मोजपट्टी लावली. शिकवणे मोजता येत नाही, शोधनिबंध मोजता येतात. साहजिकच सगळा भार मोजता येणाऱ्या गोष्टीवर आला. २०१८ च्या नियमांतही भाषा आणि मानव्यविद्यांतल्या एका शोधनिबंधाला दहा गुण आहेत, विज्ञानात आठ. ज्या महाविद्यालयात ग्रंथालयाचे कपाट वर्षातून एकदा झाडले जाते, आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवावे लागते आणि वर निवडणुकीचे काम येते, तिथला माणूस दहा गुण कोठून आणणार? हजार-दीड हजार रुपयांत आणि चार दिवसांत ते मिळत असतील, तर तो घेतो. मागणी सरकारी कागदाने निर्माण केली, पुरवठा बाजाराने केला.

आयोगाने यावर केलेले उपायही पाहण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी निघाली, ती बत्तीस हजारांच्या वर गेली, आणि विद्यापीठांनी सुचवलेली नावेही तीत आली. पुण्यातील अभ्यासकांनी त्या यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या भागाची नमुना-तपासणी केली, तेव्हा शंभरातली अठ्ठ्याऐंशीहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरली. हा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावे यादीतून काढली गेली. त्यांत काही चांगलीही गेली अशी ओरड झाली. २०१९ मध्ये नवी, गाळीव 'केअर' यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे होते. तेव्हा लबाडांनी दुसरी युक्ती काढली. यादीतल्या जुन्या, भारदस्त नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलायचा, त्याच नावाचे बनावट संकेतस्थळ उभारायचे आणि शुल्क गोळा करायचे. मूळ संपादकाला पत्ताही नसतो. २०२२ मध्ये पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने उठवली, हे मात्र शहाणपणाचे झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाली, आणि नियतकालिकांची पारख आता ज्या त्या संस्थेने करायची आहे. म्हणजे ज्या प्राचार्यांना गुणांची बेरीज वेळेत वर पाठवायची आहे, त्यांच्याच हाती तराजू.

आता मराठीचे काय? इंग्रजीतल्या विज्ञानाला या किडीपासून थोडेतरी संरक्षण आहे, कारण तिथे निकृष्ट नियतकालिकांच्या बाजूला उत्कृष्ट नियतकालिकांची लांब रांग उभी आहे. मराठीत ती रांग बोटांवर मोजावी लागते. मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' १९८३ पासून निघते. वाईचे 'नवभारत', इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आणि अशी आणखी थोडी. यांना कसदार लेख हवे असतात. दुसऱ्या बाजूला 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय बहुभाषिक' असे लांबलचक नाव धारण करणारे अंक निघतात. त्यांत मृदाशास्त्र, संत वाङ्मय, शेअर बाजार आणि कबड्डी एकाच मुखपृष्ठाखाली सुखाने नांदतात. एखाद्या महाविद्यालयात एक दिवसाची परिषद होते, सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि दीडशे निबंधांचा 'विशेषांक' परिषदेच्या आधीच छापून तयार असतो. मग परिषदेत चर्चा कशाची झाली, हे विचारू नये.

आमच्या वाचनालयात असे चार-पाच अंक भेट म्हणून आले आहेत. मराठी निबंधांची पाने उघडली की डोळे पाणावतात. जुन्या टंकातून नव्या टंकात मजकूर नेताना रफार उडालेले, जोडाक्षरे फुटलेली, 'ज्ञानेश्वरी' ओळखू येऊ नये अशी झालेली. शुद्धलेखनाचा हा प्रश्न नाही. ज्याने हे छापले त्याने एक ओळही वाचली नाही, याची ती लेखी कबुलीच आहे. इयत्ता सातवीचा निबंध आम्ही यापेक्षा काळजीने तपासतो. मुखपृष्ठावर मात्र आठ अंकी आयएसएसएन ठळक छापलेला असतो. अनेकांना तो सरकारी मान्यतेचा शिक्का वाटतो. तसे काही नाही. तो नियतकालिक ओळखण्यापुरता क्रमांक आहे, मोटारीच्या पाटीवर असतो तसा. गाडी चांगली की वाईट, हे त्यावरून कळत नाही.

आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापिकाबाईंचे उदाहरण देतो. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या गावांत जाऊन त्यांनी आठ वर्षे जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बहुतेक बाया सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या बोलण्यात कोकणी आणि कन्नडचे जे मिश्रण आहे ते कोणत्याही कोशात नाही. ओवी सांगणारीचे नाव, गाव, माहेर, कोणत्या प्रसंगी ती गायली, हे सारे बाईंनी वहीत टिपून ठेवले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या याच शिस्तीने. बाईंच्या कामाला मार्ग दाखवणारा एखादा परीक्षक भेटता तर त्यातून भाषेच्या अभ्यासाला ऐवज मिळाला असता. पण बढतीची तारीख जवळ आली. महाविद्यालयातून तगादा लागला. निबंध अशाच एका बहुविद्याशाखीय अंकाकडे गेला आणि पाचव्या दिवशी छापून आला. जागा वाचवण्यासाठी ओव्या गद्यासारख्या सलग जोडलेल्या, बायांची नावे गाळलेली, आणि बोलीतले शब्द कोणीतरी 'शुद्ध' करून टाकलेले.

बाईंनी अंक पाहिला आणि लेख मागे घेण्याविषयी लिहिले. उत्तर आले की मागे घ्यायचा असेल तर छापण्याच्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी. त्यांनी मग पुण्याच्या एका जुन्या त्रैमासिकाकडे मूळ मजकूर पाठवला. त्या संपादकांनी तो आस्थेने वाचला, दोन पानांचे टिपण लिहून धाडले, आणि शेवटी कळवले की पूर्वी प्रसिद्ध झालेला लेख आम्हांला छापता येत नाही. नियम योग्यच आहे. बाईंना दहा गुण मिळाले. ओव्या मात्र कायमच्या त्या फुटक्या जोडाक्षरांत अडकल्या, आणि उद्या कोणी या बोलीचा अभ्यास करायला बसला तर त्याच्या हाती तेच 'शुद्ध' केलेले शब्द येतील. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातले खरे नुकसान हे आहे. दीड हजार रुपये गेले ते परवडले. सीमाभागातली मराठी ही पुण्यातल्या टेबलावर बसून अभ्यासता येणारी भाषा नव्हे. ती टिपणारी माणसे इथलीच हवीत, आणि ती इथल्याच महाविद्यालयांत आहेत.

यावर मोठमोठ्या उपायांच्या गप्पा आम्ही मारणार नाही. समितीच्या गेल्या बैठकीत एवढे ठरले आहे की महिन्यातून एका रविवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, कोणाही प्राध्यापकाने किंवा हौशी अभ्यासकाने आपला निबंध पाठवण्यापूर्वी वाचून दाखवावा. निवृत्त मंडळी आहेत, कन्नडचे जाणकार मित्र आहेत, मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत. हरकती घेतल्या जातील, चहा समितीकडून. निमंत्रणाचे पत्र ज्यांना आले असेल त्यांनी तेही सोबत आणावे. संपादक मंडळात छापलेल्या नावांपैकी दोघांना आम्ही त्याच खोलीतून फोन लावतो. आजवर असे सात फोन लावले. चौघांना आपण संपादक आहोत हे ठाऊकच नव्हते, एकाने राँग नंबर म्हणून फोन ठेवला, आणि एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारल्याचे त्यांच्या मुलाने सांगितले. सातव्यांनी मात्र फोन उचलला, विषय विचारला, आणि सहा महिने लागतील असे सांगितले. तिकडे निबंध पाठवायला आम्ही सुचवले आहे.